शॉकअप, काळी माती आणि दुरुस्तीचा इतिहास

मोटारीच्या एका सुट्या भागावर मराठीच्या अध्यापकांनी निबंध लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. वर्षभरापूर्वी आम्हांलाही ते तसेच वाटले असते. आम्ही दोघे परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्यांच्या हाताखाली आम्ही अध्यापन शिकलो, त्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना, म्हणजे सरांना, जाऊन चार वर्षे झाली. त्यांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी तेव्हापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या हिवाळ्यात काकूंनी आम्हांला बोलावून घेतले आणि चहाची कपबशी पुढे सरकवत सांगितले, "गाडी चालती करा. मला तिच्यातून एकदा गंगाखेडला जायचंय."

गंगाखेड हे काकूंचे माहेर. परभणीपासून सुमारे चाळीस किलोमीटर. अंतर काही फार नाही. पण काकूंनी पंचाहत्तरी ओलांडलेली आणि मणक्याचे जुने दुखणे. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नव्हती, गचक्यांना केली होती. त्यामुळे इंजिन सुरू झाले, कार्बोरेटर साफ झाला, बॅटरी नवी बसली, तरी खरा प्रश्न शिल्लकच राहिला. शहरातील एका जुन्या गॅरेजचे उस्ताद आले. त्यांनी दोन्ही तळहात पुढच्या मडगार्डवर टेकून गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली आणि पाण्यातल्या होडीसारखी डुलत राहिली. उस्ताद म्हणाले, "शॉकअप खलास हो गए साब. खोल के बनाना, के नवे डालना?"

उघडून दुरुस्त करायचे की नवे घालायचे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले. त्या शोधाचा हा वृत्तान्त आहे.

प्रथम नावाविषयी. गॅरेजमध्ये 'शॉकअप' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचे मूळ इंग्रजी रूप उच्चारले तर कारागीर आपल्याकडे संशयाने पाहतो. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'धक्काशोषक' म्हणता येईल. पण हे नाव जितके संस्कृतनिष्ठ तितकेच दिशाभूल करणारे आहे. रस्त्याचा धक्का शोषून घेण्याचे काम मुळात स्प्रिंगचे. पद्मिनीला पुढे वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत आणि मागे कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का आपल्या पोटात घेते. मात्र घेतलेली शक्ती ती स्वतःजवळ ठेवत नाही, लगेच परत देते. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ नाचत राहील. हे नाचणे थांबवण्यासाठी शॉकअप असतो. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा. स्प्रिंग हलली की दट्ट्या तेलातून सरकतो, तेल छिद्रांतून दाटीवाटीने वाट काढते आणि त्या झटापटीत हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून विरून जाते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो, त्याचे कारण हेच. ब्रिटिश अभियंते या भागाला शमन करणारा अशा अर्थाचे नाव देतात आणि तेच नेमके आहे. पण मराठीत ते नाव आणण्याची सोय नाही. आमच्याकडे 'डंपर' म्हटले की गोदावरीची वाळू वाहणारे धूड डोळ्यांपुढे उभे राहते.

शॉकअप झिजतो म्हणजे काय होते? दट्ट्याच्या दांड्यावर कठीण क्रोमचा गुळगुळीत मुलामा असतो. नळीच्या तोंडाशी रबराचे ऑइल सील त्या दांड्याला घट्ट धरून बसलेले असते. दांड्यावर धूळ बसली, पाणी साचून गंजाचे ठिपके पडले की प्रत्येक हालचालीगणिक सीलवर ओरखडे उठतात. मग तेल झिरपू लागते, नळीवर ओला पट्टा दिसतो, त्यावर धूळ चिकटते. तेलाची जागा हवा घेते. हवा छिद्रांतून विनासायास जाते, म्हणून शमन संपते. झडपाही आतल्या आत झिजतात, तेव्हा तर बाहेरून काहीच दिसत नाही. परिणाम केवळ पाठीलाच भोगावे लागतात असे नाही. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारू लागते. उडत्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. टायरच्या परिघावर ठरावीक अंतराने खोलगट झीज दिसू लागते. रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर जातो. खराब शॉकअप हा सुखसोयीचा प्रश्न आहे अशी आमची समजूत होती. तो जिवाचा प्रश्न आहे हे उस्तादांनी समजावून दिले.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या भागातील पारंपरिक वाहन बैलगाडी. तिला स्प्रिंग नाही, मग शॉकअप कुठून असणार? तिला त्याची गरजही नव्हती. बैलाच्या चालीने जाणारे चाक दगडावर सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तोच दगड दहापट वेगाने ओलांडला तर हादरा कितीतरी पटींनी वाढतो. टांग्याला वेग होता म्हणून त्याला पोलादी कमानी आल्या. कमानीच्या एकावर एक रचलेल्या पाट्यांमध्ये घर्षण होते आणि ते घर्षणच काही प्रमाणात डोलणे थांबवते. म्हणून पाट्यांना फार ग्रीस चोपडले की कुरकुर थांबते, पण गाडी जास्त उसळते. हे सूत्र उस्तादांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. मोटारीचा वेग आल्यावर मात्र एवढे घर्षण पुरेना. फ्रान्समध्ये ट्रूफो नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीस घर्षणाच्या चकत्यांचे साधन मोटारीला लावले आणि हार्टफर्ड या अमेरिकन उद्योजकाने त्याचा प्रसार केला. १९०८च्या सुमारास मोरिस हुदाय या फ्रेंच अभियंत्याने चकत्यांऐवजी तेल वापरले. आज ओळखीची असलेली, एका नळीत दुसरी नळी सरकणारी रचना १९३०च्या दशकापासून पुढे सार्वत्रिक होत गेली.

या काळात परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानातील मोटारींचा विषय निघाला की हमखास आठवते ती सहाव्या निजामाच्या वेळी मागवलेली आणि १९१२ साली घडवलेली पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. ही गाडी उभ्या आयुष्यात फारच थोडे मैल धावली. जी गाडी धावलीच नाही तिच्या दुरुस्तीतून इतिहासाला शिकण्यासारखे फारसे नाही. खरा इतिहास घडला तो रयतेच्या वाहनांत. निजाम राज्य रेल्वेने जून १९३२मध्ये आपला रस्ते वाहतूक विभाग सुरू केला, तो २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी. स्कॉटलंडमध्ये बनलेल्या अल्बियन कंपनीच्या त्या बसगाड्या होत्या. भारतातील सरकारी बससेवेची ही एक अगदी सुरुवातीची पायरी. मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली होती; त्या रुळांच्या आधाराने मोटारीचे ज्ञान, सुटे भाग आणि कारागीर हैदराबादहून आमच्याकडे येत राहिले.

हा प्रवाह भाषेतही दिसतो. गॅरेजमधला गुरू तो उस्ताद आणि शिकाऊ पोरगा तो शागीर्द. 'दुरुस्ती' हा आपण मराठीच समजतो तो शब्दही फारसीतून आलेला. 'मरम्मत' त्याचा दरबारी भाऊ. 'डागडुजी' हा शब्द घराच्या छपराला चालतो, मोटारीला मात्र कोणी लावत नाही. बी. रघुनाथ यांच्यासारखा मोठा लेखक याच परभणीत राहिला आणि १९५३ साली येथेच वारला. त्यांनी उपजीविकेसाठी बांधकाम खात्यात कारकुनी केली, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. ज्या खात्याच्या कागदांवर रस्ते आखले जातात त्या खात्यात आपल्या भागाचा थोर कथाकार बसला होता, या गोष्टीकडे आम्ही आजवर केवळ चरित्रातील एक तपशील म्हणून पाहिले. शॉकअपच्या निमित्ताने ते खाते आणि ते रस्ते आम्हांला प्रथमच खरे वाटू लागले.

कारण या कथेत खलनायक असलाच तर तो माती आहे. परभणीची जमीन म्हणजे बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली काळी, भारी रेगूर. कापसाला आणि रब्बी ज्वारीला ती आई. रस्त्याला मात्र सावत्र आई. या मातीतील चिकणखनिजे पाणी प्याली की फुगतात आणि वाळली की आक्रसतात. उन्हाळ्यात शेतात हातभर काठी जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच शेतात पाय रुतून चप्पल आत राहते. अशा जमिनीवर नुसती खडी अंथरून डांबर ओतले तर खालची माती दरवर्षी श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्यावर लाटा उमटतात, कडा खचतात, मध्ये उंचवटे येतात. मुरमाचा जाड थर, पाण्याचा निचरा, बाजूचे चर ही सारी काळजी घेतली तर रस्ता टिकतो. पण हे सारे खर्चाचे आणि निगुतीचे काम. खड्डा एकदा हादरवतो आणि सोडून देतो. रस्त्यावरच्या लाटा मात्र गाडीला सतत झुलवत ठेवतात. नेमके हे झुलणे थांबवणे हे शॉकअपचे काम असल्याने काळ्या मातीवरच्या रस्त्यात तो क्षणभरही विश्रांती घेत नाही. तेल तापते, ढवळून त्याला फेस येतो, आणि फेसाळलेले तेल दट्ट्याला अडवत नाही.

हे रस्ते कोणी बांधले, हेही सांगितले पाहिजे. १९७२-७३च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी कामांवर गेली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि सर्वांत जास्त लक्षात राहिली ती खडीकेंद्रे. आमच्या आईवडिलांच्या पिढीतील पुष्कळांनी त्या केंद्रांवर हातोडीने दगड फोडला आणि सुकडी खाऊन दिवस काढले. आमच्यापैकी एकाच्या आजीच्या अंगठ्यावरचा वण त्या हातोडीचा होता. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. गावे रस्त्यांनी जोडली जाण्यात या कामांचा वाटा फार मोठा. पण दुष्काळी कामाचे पहिले उद्दिष्ट माणसाच्या हाताला काम देणे हे होते; खाली किती मुरूम पडला आणि पाणी कुठून निघेल, हे प्रश्न मागाहून आले. हाताने फोडलेली ती खडी काळ्या मातीत हळूहळू गिळली गेली. सरांची पद्मिनी १९८२मध्ये ज्या रस्त्यांवर उतरली ते रस्ते असे होते.

आता गाडीकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात मोटारीचे दोन मोठे देशी कारखाने उभे राहिले. बिर्ला घराण्याचे हिंदुस्तान मोटर्स आणि वालचंद हिराचंद यांचे मुंबईत कुर्ल्याला असलेले प्रीमियर ऑटोमोबाइल्स. मुंबईतील शिवडीला १९२८पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५०च्या दशकात गाशा गुंडाळला, कारण सरकारने धोरण ठरवले होते: भाग बाहेरून आणून नुसते जोडणाऱ्यांना येथे जागा नाही, भाग येथेच बनवले पाहिजेत. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी घेतली; तिचेच पुढे १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाले. सुट्या भागांचे कारखानेही याच धोरणाचे अपत्य. शॉकअपसाठी गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत सुरू झाली. गॅब्रिएल हे नाव अमेरिकेतून आले. तिथल्या मूळ उत्पादकाने आधी मोटारीचे सुरेल भोंगे बनवले होते आणि तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचे नाव त्या भोंग्यांना दिले होते. काळ्या मातीच्या लाटांवर झुलणाऱ्या गाड्यांच्या पोटाखाली एका देवदूताचे नाव होते, ही गंमत आम्हांला पुष्कळ उशिरा कळली.

तरीही परभणीसारख्या ठिकाणी नवा शॉकअप सहज मिळत नसे. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागण्याचा तो काळ. सुटा भाग हवा तर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागे. परभणीवरून जाणारी रेल्वे १९९०च्या दशकापर्यंत मीटर गेजवर होती. चिठ्ठी पाठवायची, ओळखीच्या माणसाबरोबर पैसे द्यायचे आणि आठ-पंधरा दिवस वाट पाहायची. तोवर गाडी उभी ठेवणे डॉक्टरला परवडत नसे, टॅक्सीवाल्याला तर नाहीच. या अडचणीतून शॉकअप उघडण्याची विद्या आली.

ती विद्या आम्ही उस्तादांकडून वहीत उतरवून घेतली, कारण आमच्या माहितीप्रमाणे ती मराठीत कोठे लिहिलेली नाही. जुन्या शॉकअपच्या तोंडाशी आटे असलेला नट असे. नळी शिकंज्यात धरताना चिंधी गुंडाळायची. जोर जास्त झाला आणि नळी अंशभर जरी चेपली तरी दट्ट्या अडकतो. नट काढून दांडा बाहेर घ्यायचा, जुने तेल ओतून टाकायचे. ते काळे असेल तर ठीक, त्यात चमचमणारी कीस दिसली तर नळी आतून खरवडली आहे असे समजायचे आणि दुरुस्तीचा नाद सोडायचा. मग दांड्यावरून नख फिरवायचे. नख कुठे अडखळले नाही तरच नवे सील टिकेल. अडखळले तर दांडा घासून पुन्हा क्रोम करून आणायचा, अन्यथा ते सील दोन महिन्यांत फाटणार. तेल मोजून भरायचे. काठोकाठ भरले तर दांडा आत जाताना तेलाला जागा उरत नाही आणि सील फुटते. घट्ट हवे म्हणून इंजिनचे जाड तेल घालणारे कारागीर पुष्कळ. तसा शॉकअप थंडीच्या पहाटे लाकडासारखा ताठतो आणि सारा धक्का थेट गाडीला व माणसाला देतो. बसवण्याआधी तो उभा धरून आठ-दहा वेळा पूर्ण दाबायचा आणि ताणायचा, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. एका धुरीवरच्या दोन्ही बाजू एकदमच करायच्या. एक घट्ट आणि एक सैल असेल तर गाडी ब्रेकला तिरकी ओढते. आणि शेवटचे, बहुतेकजण विसरतात ते: रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी जॅकवरून खाली घेऊन, तिचे वजन चाकांवर आल्यावर. अधांतरी आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

हे ऐकताना आम्ही भारावून गेलो होतो. आम्हांला गंगाखेडच्या जनाबाईचे जाते आठवले. जात्याचे दात बोथट झाले की पाथरवट टाकी लावून जात आणि तेच जाते आणखी वर्षभर दळत असे. वापरा आणि फेका ही वृत्ती अलीकडची, आपली मूळ संस्कृती जपण्याची आणि सांधण्याची, असे काहीसे आम्ही उत्साहाने बोललो. उस्तादांनी हात पुसत आमच्याकडे पाहिले. "शौक नै था साब, मजबूरी थी. नवा मिलता तो कौन खोलता?"

या एका वाक्याने आमचा निबंध बदलला. जात्याचे उदाहरण आम्ही चुकीच्या जागी लावले होते. टाकी लावलेले जाते नव्याइतकेच चांगले दळते. दुरुस्ती ही त्याच्या रचनेतच अभिप्रेत आहे. दुरुस्त केलेला शॉकअप मात्र बहुधा नव्यापेक्षा कमीच असतो. झडपांची झीज हाताने मोजता येत नाही, कारखान्यात ज्या यंत्रावर त्याचा जोर तपासतात ते यंत्र गॅरेजमध्ये नसते. उस्ताद दोन्ही दांडे दोन हातांनी ओढून अंदाज घेत आणि तो अंदाज चाळीस वर्षांच्या सरावाचा असला तरी अंदाजच. त्या काळात दुरुस्ती बहरली ती तीन कारणांनी: मातीमुळे शॉकअप लवकर जात, नवे दूर होते आणि नवे थोडे होते. यांपैकी एकही कारण आमच्या स्वभावात नव्हते. ही कारणे जशी सैल झाली तशी विद्याही गेली. डिसेंबर १९८३मध्ये मारुती आली, १९९१नंतर सुट्या भागांचा बाजार खुला झाला, नायट्रोजन वायू भरून तोंड कायमचे बंद केलेले शॉकअप आले. वायूच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही, हा त्याचा मोठा गुण. उघडता येत नाही, ही त्याची अट. पद्मिनीचे उत्पादन २०००च्या सुमारास संपले, अँबॅसडर २०१४मध्ये थांबली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. वर्तमानपत्रांत तेव्हा हळहळीचे लेख आले. त्या टॅक्सीत रोज बारा तास बसणाऱ्याच्या कमरेला काय वाटत होते, हे त्यांत फारसे आले नाही.

येथे एक प्रश्न उरतो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जुन्या गाडीत नवा भाग घातला तर ती जुनी राहते का? केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी त्यांची अट आहे. शॉकअपचा त्यात उल्लेख नाही. याचा अर्थ असा की टायर, ब्रेकचे अस्तर, तेल यांच्याप्रमाणे शॉकअपही झिजण्यासाठीच असतो. तो झिजतो म्हणून बाकीची गाडी टिकते. सरांची गाडी त्या वयाला अजून पोचलेली नाही आणि पोचेपर्यंत दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागेल. २०२२मध्ये ते मोटारीला पाच हजार रुपये झाले होते. काकू ते भरतात. गाडीला स्मारक करण्याचा त्यांचा विचार नाही; त्यांना तिच्यात बसायचे आहे.

अखेर निर्णय काकूंच्या मणक्याने केला. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या दोन्हींच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही असे ठरले. ते नवे मागवले, तेही हैदराबादहूनच, फक्त या वेळी तिसऱ्या दिवशी कुरियरने आले. मागच्या दोन्हींचे दांडे नखाला गुळगुळीत लागले, म्हणून उस्तादांनी ते उघडून नवे सील आणि नवे तेल घातले. हे काम त्यांनी तीन दिवस लावून केले आणि त्या तीन दिवसांत ते नेहमीपेक्षा जास्त बोलले.

फेब्रुवारीच्या एका सकाळी आम्ही निघालो. ज्वारी हुरड्यापलीकडे गेली होती. काकू मागच्या सीटवर, पाठीशी उशी. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर टाकताना आमचा हात दोनदा चुकला. रस्ता पुष्कळ ठिकाणी चांगला झाला आहे, पण जिथे जुना तुकडा आला तिथे गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि थांबली. काकू काही वेळ गप्प होत्या. गोदावरीचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "ही ती गाडी वाटत नाही. त्यांच्या वेळी हिच्यातून यायचे तर घरी गेल्यावर आईला आधी कंबर शेकायला लावायचे." आम्हांला वाटले, त्यांना वाईट वाटले. तसे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ दुखली नाही, हे सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला.

एप्रिलमध्ये मागच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओला पट्टा दिसला. उस्तादांनी खाली वाकून बोट फिरवले, वास घेतला आणि काही न बोलता शागीर्दाला हैदराबादचा नंबर लावायला सांगितला. मागचेही दोन्ही नवे आले. काढलेली जोडी त्यांनी भंगारात टाकली नाही. कपाटावर ठेवली आहे. वही आमच्याकडे आहे. पुढच्या वर्षी विभागातर्फे जिल्ह्यातील कारागिरांच्या बोलीचा एक छोटा कोश करण्याचे आम्ही ठरवले आहे. त्यात 'शॉकअप' या नोंदीखाली काय लिहायचे हे आता आम्हांला ठाऊक आहे: वजन न पेलता केवळ डोलणे थांबवणारा भाग, मराठवाड्यात काळ्या मातीमुळे लवकर झिजे, नवा मिळत नसे तोवर उघडून दुरुस्त करीत.